मला आडवी पाडली तेव्हा

मित्रांनो, माझ्याजवळ सांगण्यासारखं फारसं काही आहे, असं मला स्वतःलाही वाटत नाही. मी एका शाळेतली लाकडी शिडी आहे. दहा पायऱ्यांची, आता बरीच जुनी. शिडीशी कुणी बोलत नाही. तिच्यावर पाय देतात, काम झालं की तिला भिंतीला लावतात आणि निघून जातात. तरी माझ्यासमोर एक गोष्ट घडली आणि ती तुमच्याच वयाच्या मुलीची आहे, म्हणून धीर करते. कंटाळा आला तर मध्येच उठून गेलात तरी चालेल. राग मानणं शिडीला परवडत नाही.

माझा जन्म एका पाडलेल्या गोदामाच्या तुळईतून झाला. ज्या सुताराने मला घडवलं, तो माणूस कमी बोलणारा आणि भारी चिकाटीचा. त्याने माझ्यात एकही खिळा मारला नाही. उभ्या दांड्यांना भोकं पाडली, त्यांत पायऱ्या बसवल्या आणि प्रत्येक टोकाला लाकडाची पाचर ठोकली. मी पुरी झाल्यावर तो एकेक पायरी चढला आणि प्रत्येक पायरीवर उभा राहून त्याने दोन-दोन उड्या मारल्या. खाली त्याची बायको कमरेवर हात ठेवून उभी होती.

"अहो, उतरा आता! शिडी टिकेल, तुमचे गुडघे टिकायचे नाहीत."

"गिऱ्हाईक पडलं तर?"

"तुम्ही पडलात तर मी काय करू, ते आधी सांगा."

तो हसला आणि उतरला. माझी पहिली परीक्षा अशी झाली. दुसऱ्याच दिवशी मी शाळेत आले.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. दिवे बदलायचे, कोळीष्टकं काढायची, छपरावर गेलेले चेंडू उतरवायचे, भिंती रंगवायच्या, सगळ्यासाठी मलाच हाक व्हायची. "शिडी आणा रे!" असं कुणी ओरडलं की चार मुलं धावत यायची आणि मला मिरवत न्यायची. एकदा गच्चीचं दार आतून अडकलं आणि वर तिसरीचा अख्खा वर्ग राहिला. तेव्हा माझ्यावरून एकेक मूल उतरवलं गेलं. त्या दिवशी मला सगळ्यांनी हात लावला. नंतर शिपाईकाकांनी माझ्यावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली. एवढं कौतुक मला पुढे कधी मिळालं नाही, आणि ते विसरायलाही जमलं नाही.

मग ॲल्युमिनियमची शिडी आली. हलकी, चकचकीत, हवी तेवढी लांब होणारी. एका पावसाळ्यात मला अंगणातच विसरले. माझा एक दांडा खालून थोडा कुजला, तेवढा भाग कापून टाकला, दुसराही त्याच्या बरोबरीने कापला. पायऱ्या मात्र दहाच्या दहा राहिल्या. त्यानंतर माझी जागा मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेरच्या बोळात ठरली. भिंतीतल्या दोन खुंट्यांवर मी आडवी लटकत असे. तिथून ऐकू पुष्कळ येतं, दिसतं थोडं.

तरी माझं एक काम उरलं होतं. शाळेच्या सभागृहात रंगमंच आहे, आणि त्याच्या वर एका लोखंडी पाइपला दिवे टांगलेले असतात. नाटकाचे सर म्हणायचे, "विजेजवळ लाकूडच बरं. ती चकचकीत बया मला नको." म्हणून वर्षातून एकदा, नाटकाच्या तालमी सुरू झाल्या की, मला खाली काढत.

दिव्यांचं काम मुलंच करायची आणि त्याला सरांनी लावून दिलेली एक पद्धत होती. चढणाऱ्याने आधी विचारायचं, "मेन?" खालच्याने बटण स्वतः बघून सांगायचं, "बंद." मग, "शिडी?" "धरली." हे दोन्ही झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही. आणि धरणाऱ्याने एक पाय माझ्या पहिल्या पायरीवर ठेवायचा, दोन्ही हातांनी दांडे धरायचे, आणि चढलेल्याचे दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत सोडायचे नाहीत. मधली सुट्टी झाली तरी नाही, मोठ्या बाईंनी बोलावलं तरी नाही.

त्या वर्षी दिव्यांवर नववीतली दोघं होती. एक मुलगा, ज्याला सगळे रेडिओ म्हणत. का म्हणत, ते त्याच्याजवळ थोडा वेळ उभं राहिल्यावर कुणालाही कळलं असतं. आणि दुसरी बगळी. ती आदल्या वर्षी दुसऱ्या शाळेतून आली होती. वर्गातल्या सगळ्यांपेक्षा उंच, आणि ती उंची लपवण्यासाठी मान खाली घालून चालणारी. नाव पहिल्याच आठवड्यात चिकटलं. तिने त्याला हरकत घेतली नाही. ती कशालाच हरकत घेत नसे.

मला माणसांचे चेहरे फारसे कळत नाहीत, कारण ती माझ्यावर असतात तेव्हा त्यांची तोंडं दुसरीकडे असतात. पाय मात्र कळतात. घाबरलेला पाय पायरीच्या कडेवर पडतो. बढाईखोर पाय धाडकन मध्यभागी पडतो आणि मग थरथरतो. बगळीचा पाय आधी पायरी चाचपायचा, मग बसायचा. तिसऱ्या पायरीवर ती दर वेळी थोडी थांबायची, वर बघायची, एक श्वास घ्यायची आणि मगच पुढे जायची. रेडिओ खालून म्हणायचा, "काय ग, तिसऱ्या मजल्यावर कुणी ओळखीचं राहतं का?"

ती म्हणायची, "तू हात सोडू नकोस, बाकी काही बोल."

नाटक होतं समुद्रात वाट चुकलेल्या जहाजाचं. सगळं नाटक रात्री घडतं. शेवटी खलाशी आशा सोडतात, तेवढ्यात पहाट होते आणि कप्तानाला किनारा दिसतो. तो "जमीन!" असं ओरडतो आणि पडदा. म्हणजे सगळा भार त्या पहाटेवर. सरांनी ती बगळीकडे दिली.

एरवी शब्द न काढणारी ही मुलगी पहाटेबद्दल बोलायला लागली की रेडिओलाही गप्प करायची. तिची आई इस्पितळात परिचारिका होती, रात्रपाळीची. आई यायच्या वेळी बगळी रोज खिडकीत बसलेली असे. "पहाट लाल नसते," ती रेडिओला सांगत होती. "चित्रात असते लाल. खरी आधी राखाडी असते. मग निळी. मग उगीच जराशी पिवळी. लाल अगदी शेवटी, आणि तेही थोडंच."

"आमच्याकडे पहाट होतच नाही. डायरेक्ट आईची हाक होते."

तिने रंगीत जिलेटिन कागदांच्या पट्ट्या कापल्या, त्यांना पुठ्ठ्याच्या चौकटी केल्या. खेळाच्या वेळी ती विंगेत माझ्यावर उभी राहून दिव्यासमोरच्या काळ्या पुठ्ठ्याच्या जागी एकेक पट्टी हळूहळू सरकवणार होती. पट्ट्यांचा क्रम, प्रत्येकीचा वेग, सगळं तिने मनात बसवलं होतं. सर एकदा म्हणाले, "जमेल ना?" ती म्हणाली, "जमेल." हा शब्द तिच्या तोंडून मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला.

आणि मग ताई आल्या.

ताई म्हणजे शाळेच्या नव्या समुपदेशक. शिक्षण नुकतंच संपवून आलेल्या. मुलांनी आपल्याला मॅडम म्हणू नये, ताई म्हणावं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांना मनापासून मुलांचं भलं करायचं होतं, हे मी खात्रीने सांगते, कारण पुढे त्यांचेही पाय मला कळले. त्यांना नववीच्या मुलांना एक प्रश्न विचारायचा होता. समजा एक शिडी आहे. सगळ्यात वर तुम्हाला हवं तसं उत्तम आयुष्य, सगळ्यात खाली सगळ्यात वाईट. तुम्ही आज कितव्या पायरीवर आहात?

हा प्रश्न कागदावर विचारायचा असतो म्हणे. पण सभागृहात शिरताच ताईंना मी दिसले आणि त्यांना एक युक्ती सुचली. खरीच शिडी आहे की! फक्त मुलांना चढवणं धोक्याचं, म्हणून त्यांनी मला जमिनीवर आडवी पाडली. पायऱ्यांशेजारी फरशीवर खडूने आकडे घातले आणि मुलांना म्हणाल्या, "जा, आपापल्या पायरीजवळ उभे राहा. मनापासून. इथे चूक-बरोबर काही नाही."

मित्रांनो, माझं मत कुणी विचारलं नव्हतं आणि ते चुकीचंही असेल. पण आडवी पडलेली शिडी ही शिडी नसते. तिच्यावर नवव्या पायरीपर्यंत जायला दम लागत नाही की भीती वाटत नाही. चार पावलं चालायचं, झालं. मुलं आधी एकमेकांकडे बघत राहिली. मग कप्तानाचं काम करणारा मुलगा खिशात हात घालून सरळ नवव्या पायरीपाशी जाऊन उभा राहिला. तो वर्गात पहिला यायचा. त्याच्या मागोमाग सगळे. आठवी आणि नववीजवळ ही गर्दी उसळली.

"ताई, आठवीत जागा नाही. उभ्याने प्रवास केला तर चालेल का?" रेडिओने विचारलं. सगळे हसले.

"ए, सरक ना, माझ्या आयुष्यावर पाय देतोयस!"

हसणं थांबलं तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की इकडे, खालच्या बाजूला, एकटी बगळी उभी आहे. तिसऱ्या पायरीपाशी. मान खाली.

"नक्की?" ताईंनी हळूच विचारलं.

"हो."

"परत विचार कर हवं तर."

"केला."

गर्दीतून कुणीतरी कुजबुजलं, "तीन! बापरे." ताईंनी वहीत काहीतरी टिपलं आणि विषय बदलला. पण त्यांचा आवाज बदलला होता, तो मी जमिनीवरूनही ओळखला.

त्यानंतर जे झालं त्यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता. ताईंना रात्री झोप लागली नसावी. त्यांनी मोठ्या बाईंना सगळं लिहून दिलं. मोठ्या बाईंनी बगळीच्या आईला बोलावलं. मी खुंट्यांवर होते आणि दार उघडं होतं.

आई रात्रपाळी करून तशीच आली होती. तिला आधी वाटलं, परीक्षेचं काहीतरी आहे. "तीन म्हणजे कितीपैकी?"

"तसं नाही हो," ताई म्हणाल्या. "आयुष्याबद्दल विचारलं होतं. दहापैकी."

"घरी तर नीट जेवते. भांडी घासताना गुणगुणते. मी नसते रात्री, ते खरं. पण तीन?" मग घाईने म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही म्हणाल तसं करू. माझं काही चुकलं असेल तर सांगा."

"तुमचं काही चुकलेलं नाही," ताई म्हणाल्या. "तिच्यावरचा ताण जरा कमी करू, एवढंच."

"हो, नाटकाबिटकाचं ओझं नको आत्ता," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि शिडीवर तर मुळीच नको. अशा मनःस्थितीत उंचावर? उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

अशी बगळीची पहाट काढून घेतली गेली. जी एकच गोष्ट तिला जमेल असं ती म्हणाली होती, नेमकी तीच. ओझं म्हणून.

नाटकाचे सर काही वेळ भांडले असं ऐकलं, पण जबाबदारीचा शब्द निघाल्यावर तेही गप्प बसले. दिवे रेडिओकडे आले. तालमीच्या वेळी बगळीने ताईंच्या खोलीत बसून मन हलकं करायला चित्रं काढायची, असं ठरलं. मला तालमीसाठी न्यायच्या आधी ती रोज बोळातून जायची. माझ्याजवळ आल्यावर तिची पावलं सावकाश व्हायची आणि एक हात माझ्या दांड्यावरून शेवटपर्यंत फिरायचा. मग ती चित्रं काढायला जायची. काय काढायची मला माहीत नाही. ताई एकदा मोठ्या बाईंना म्हणत होत्या, "नुसता करडा रंग भरते पानभर. मला काळजी वाटते." राखाडी पहाटेला त्या करडी काळजी समजत होत्या.

आता वर्गही तिच्याशी वेगळा वागू लागला. कुणी बगळी म्हणेना. सगळे एकदम तिच्याशी हलक्या आवाजात बोलू लागले, जसं आजारी माणसाशी बोलतात. टोपणनाव चिडवण्यासाठी असलं तरी ते हाक मारायला तरी होतं. एकटा रेडिओ तिला पूर्वीसारखा हाक मारायचा, आणि तिकडे रंगमंचावर पहाटेची वाट लावायचा. त्याने लाल पट्टी आधी सरकवली तेव्हा सर ओरडले, "अरे, ही पहाट आहे की जहाजाला आग लागलीय?"

"सर, लोकांना लांबून दिसली पाहिजे ना!"

"लांबून बंब येईल!"

नाटक तोंडावर आलं होतं. एका दुपारी तालीम संपली, सर मुलांना घेऊन कपडे बघायला गेले, आणि दिव्यांपाशी रेडिओ एकटा उरला. पहाटेचा दिवा पाइपवर फिरून वाकडा झाला होता. मी पाइपला टेकून उभी होते. तेवढ्यात बगळी दारात आली. तिच्या हातात पट्ट्यांचा क्रम लिहिलेला कागद होता.

"हे घे. राखाडी आधी. किती वेळा सांगू?"

"चांगलं झालं आलीस. धर शिडी, दिवा सरळ करतो."

"मला बंदी आहे."

"धरायलासुद्धा?"

"शिडीची बंदी आहे. धरायची वेगळी सांगितली नाही कुणी."

तेव्हाच ताई तिला शोधत आल्या. "अग, तू इथे?"

"मी चढले नाहीये, ताई. कागद द्यायला आले होते."

रेडिओ लगेच मध्ये पडला. "ताई, दिवा वाकडा आहे. मी चढलो तर धरायला कुणी नाही, आणि हिला तर हातसुद्धा लावायची चोरी."

"एवढंच ना? मी धरते."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग बगळी म्हणाली, "ताई, धरायला शिकावं लागतं. चढणं त्यापेक्षा सोपं आहे."

ताई हसल्या. "बरं, मग सोपं काम मी करते. धर तू. माझी परवानगी आहे." आणि त्यांनी चपला काढल्या.

"मेन विचारा," बगळी म्हणाली.

"काय?"

"आधी विचारायचं, मेन?"

"मेन?"

"बंद," रेडिओ बटणापाशी जाऊन म्हणाला.

"आता, शिडी?"

"शिडी?"

"धरली." बगळीचा पाय माझ्या पहिल्या पायरीवर आला आणि मी स्थिर झाले.

ताई चढल्या. पहिली पायरी हसत, दुसरी जरा सावकाश. तिसरीवर त्यांचे दोन्ही पाय आले आणि तिथेच थांबले. बोटं आत वळली. पोटऱ्या कापायला लागल्या. पायांची ही भाषा मी ओळखते. मोठ्यांचीही ती तीच असते.

"ताई, ठीक आहे ना?"

"हो. नाही. मला उंचीची... मला माहीत नव्हतं इतकी भीती वाटते ते." त्या थोडं हसल्या, पण तो श्वासच होता. "मी इथेच थांबू का जरा?"

"थांबा. मी सोडत नाही. खाली बघू नका, वर बघा."

त्यांनी वर बघितलं. हळूहळू पाय शांत होऊ लागले.

"कसं वाटतंय?" बगळीने विचारलं.

"भीती वाटतेय. पण वाईट नाही वाटत. विचित्र आहे ना?"

"नाही. मी तेच म्हटलं होतं."

"कधी?"

"तुम्ही विचारलं तेव्हा. तिसरी."

रेडिओसुद्धा बोलत नव्हता, हे विशेष.

"तिसरीवर मी रोज थांबते," बगळी म्हणाली. ती वर बघत नव्हती, दांडे धरून समोर बोलत होती. "तिथून जमीन दिसते अजून. पडलं तरी फार लागत नाही. आणि वरच्या सगळ्या अजून शिल्लक असतात. मला वाटलं, माझं तसंच आहे. नवीन शाळा, अजून कुणी खास मैत्रीण नाही, पण दिवे जमतायत. तर आठवी कशी म्हणू? आणि पहिली तरी कशी म्हणू?"

"हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही आकडा विचारला होता."

बगळीनेच पुढे म्हटलं, "थोडं वाईटही वाटत होतं, ताई. नाही असं नाही. आई घरी नसते तेव्हा वाटतं. पण त्यासाठी दिवे काढून घ्यायचे का?"

ताई एकेक पायरी चाचपत उतरल्या. दोन्ही पाय जमिनीला लागल्यावरच बगळीने हात सोडले. ताईंनी चपला घातल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "तो दिवा तसाच राहू दे जरा. मी येते."

मला संध्याकाळी खुंट्यांवर चढवलं तेव्हा आत बोलणं चाललंच होतं.

"अहो, पण तुम्हीच लिहून दिलंत ना?" मोठ्या बाई म्हणत होत्या.

"मी लिहिलं, मीच खोडते. आकडा मला ऐकू आला, मुलगी ऐकू आली नाही."

"आणि पडली तर?"

"मी आज शिडीवर चढले होते. तिने धरली होती. तुम्हीसुद्धा एकदा चढून बघा."

"मी? या वयात?" मोठ्या बाईंना हसू आलं असावं. खुर्ची सरकली. "बरं. सर खाली उभे राहणार असतील तर ठीक. आणि त्या आईला तुम्हीच सांगा. बिचारी आपल्याला काय समजून गेली असेल!"

खेळाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मी विंगेच्या अंधारात पाइपच्या टोकाला टेकून होते, बगळी माझ्यावर, खाली रेडिओ, आणि ठरल्याप्रमाणे त्याच्या शेजारी सर. सगळं नीट चाललं. शेवटचा प्रवेश आला. खलाशी डेकवर पडलेले, कप्तान सुकाणूपाशी. त्याला आधी एक लांब भाषण होतं. त्याच्या शेवटच्या वाक्यावर पहाट सुरू करायची होती.

भाषण अर्ध्यावर आलं आणि कप्तान थांबला.

तो विसरला होता. एवढ्या वर्षांत कधी काही न विसरलेला मुलगा. समोरच्या विंगेतून कुणीतरी शब्द सांगत होतं, पण त्याच्या कानापर्यंत पोचत नव्हतं. लोकांना अजून काही कळलेलं नव्हतं, पण कळायला वेळ लागणार नव्हता. कुणीतरी खोकलं. सरांनी खालून हात वर केला. थांब, असं त्यांना म्हणायचं होतं की कर, असं, ते अंधारात दिसलं नाही. बगळीचे पाय माझ्यावर कापत होते, दोन्ही.

तिला कुणीही सांगितलं नव्हतं. वाक्य आलं नव्हतं. चुकली असती तर सगळं नाटक तिने बुडवलं असं झालं असतं, आणि पुन्हा तिच्या हाती कुणी दिवा दिला नसता. तिने एक श्वास घेतला आणि राखाडी पट्टी सरकवली.

अगदी थोडी. रंगमंचाच्या कडेला अंधार फक्त जुना झाल्यासारखा दिसला. मग निळा आला. कप्तानाच्या पायाशी फळीवर तो हळूहळू पसरत गेला. मुलाची नजर त्या उजेडावर पडली. तो उजेडाबरोबर मान वर करत गेला, जसा खरोखर कुणी समुद्रात करील. भाषणाची उरलेली वाक्यं आलीच नाहीत. पिवळा आला तेव्हा तो कुजबुजला, "जमीन." लिहिलं होतं, ओरडायचं. तो कुजबुजला, आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

बगळीचे पाय केव्हा कापायचे थांबले, ते मलाही समजलं नाही.

टाळ्या कप्तानाला मिळाल्या. लोक म्हणत होते, "काय थांबला पोरगा शेवटी! अंगावर काटा आला." पडदा पडल्यावर तो विंगेत आला. बगळी अजून वरच होती. रेडिओ पाय रोवून दांडे धरून उभा होता; टाळ्या ऐकायलाही गेला नव्हता.

"तू आधीच लावलीस पहाट," कप्तान म्हणाला.

"हो."

"बरं झालं." तो घुटमळला. "मेलो होतो मी, बगळे."

पुष्कळ दिवसांनी वर्गातल्या दुसऱ्या कुणीतरी तिला त्या नावाने हाक मारली. ती हसत खाली उतरली. तिची आई इस्पितळाच्या कपड्यांत विंगेच्या दाराशी उभी होती. तिला कामावर जायला उशीर होत होता. ती एवढंच म्हणाली, "अशीच असते ग. मी बसमधून उतरते ना, तेव्हाची." आणि लगबगीने निघून गेली.

त्या खेळाच्या वेळी बगळी माझ्या कितव्या पायरीवर उभी होती, ते मला चांगलं माहीत आहे. पण मी ते कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुम्हालाही सांगणार नाही.

मित्रांनो, आता माझ्या पाचरी सैल होत चालल्या आहेत. माझ्यासारखी शिडी तुमच्या शाळेत असेल तर तिला पावसात टाकू नका. चढण्याआधी पायऱ्यांवरून हात फिरवून बघा. सुतार बोलावणं फार अवघड नसतं. आणि तुमच्यातलं कुणी खालच्या पायरीवर थांबलेलं दिसलं, तर घाईने त्याला वर ढकलू नका, खालीही उतरवू नका. ते तिथे दम घ्यायला थांबलेलं असेल, रडायला थांबलेलं असेल, किंवा नुसतं वर बघत असेल. लांबून ते कळत नाही. जवळ जा, एक पाय पहिल्या पायरीवर ठेवा, दांडे नीट धरा, आणि त्याला ऐकू जाईल असं म्हणा, "धरली."